शेण तेवढाच गॅस

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा परसातलं गोबरगॅस संयंत्र बंद दिसलं. आजोबांच्या वेळी गोठ्यात सहा जनावरं होती, आता दोनच गाई आहेत. आई पुन्हा चुलीवर भाकरी करते, धुराने तिचे डोळे चुरचुरतात. बाबा म्हणाले, "संयंत्रच बिघडलं." बंगळूरला परतल्यावर मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "आधी हिशेब मांड."

शेणात तेवढंच पाणी कालवून तो काला हवाबंद खड्ड्यात सोडतात. तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू तो कुजवतात आणि गॅस तयार होतो. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो, तोच जळतो. थंडीत जीवाणू मंदावतात, म्हणून गॅस कमी येतो.

आता हिशेब. एक गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. माणशी स्वयंपाकाला रोज सुमारे २५० लिटर लागतो, म्हणजे आम्हा पाच जणांना १२५० लिटर. दोन गाईंचा गॅस होतो ८००. आमच्या दोन घनमीटरच्या संयंत्राला तर रोज ५० किलो शेण हवं! म्हणजे संयंत्र बिघडलं नव्हतं, उपाशी होतं.

हाच धडा कर्नाटकातल्या एका गावाने आधीच दिला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. त्यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात सामुदायिक संयंत्र उभारलं. गावच्या शेणात सगळ्यांचा स्वयंपाक होण्याइतका गॅस निघत नव्हता, आणि गावकऱ्यांना आधी पाणी हवं होतं. मग १९८७ पासून त्या गॅसवर डिझेलच्या जोडीने इंजिन चालवून वीज केली. नळाला पाणी आलं, घरात दिवे लागले. शेण देणाऱ्याला पैसे मिळत आणि उरलेली मळी शेताला खत म्हणून परत जाई. जेवढं हाती आहे, त्यातून सगळ्यात निकडीची गरज आधी भागवली.

मी बाबांना पत्र लिहिलं: आपल्याला सगळा स्वयंपाक जमणार नाही, पण सकाळचा चहा आणि भाकरी नक्की होतील. आईचा सकाळचा धूर तरी थांबेल. पुढच्या सुट्टीत आपण लोखंडी टाकी गंजली आहे का ते बघू. खड्ड्यात मात्र कोणी उतरायचं नाही. तिथे श्वासापुरती हवा नसते, विषारी वायू असू शकतो. काडीही ओढायची नाही. ते काम जाणकारालाच बोलावून करू.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा बंद खड्डा असेल, तर दोष देण्याआधी गोठ्यातली जनावरं मोजा.