निवेदकाचे मौन : ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’चे माध्यमांतर

केन कीझी यांची ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. मिलोश फोरमन यांचा तीवरील चित्रपट १९७५ साली आला. मनोरुग्णालयात दाखल झालेला मॅकमर्फी आणि उपचारांच्या नावाखाली रुग्णांचे स्वत्व हिरावून घेणारी नर्स रॅचेड यांचा संघर्ष हे दोन्ही कलाकृतींचे कथाबीज होय. तथापि, माध्यमांतरात निवेदक बदलला की बंडाचा अर्थही बदलतो, हे या दोहोंच्या तुलनेतून स्पष्ट होते.

कादंबरीचा निवेदक चीफ ब्रॉम्डेन हा अमेरिकेतील मूलनिवासी वंशाचा रुग्ण आहे. वॉर्डातील सारे त्याला मुका-बहिरा समजतात; वाचक मात्र आरंभापासून त्याच्याच वाणीतून वॉर्ड अनुभवतो. भिंतींआडची यंत्रे, वॉर्डात सोडले जाणारे धुके हे त्याचे भ्रम असले, तरी दडपशाहीची रूपके म्हणून ते सत्यच ठरतात. चित्रपटात हे अंतर्मन नाही. सेलम येथील प्रत्यक्ष मनोरुग्णालयात चित्रित झालेला वॉर्ड कॅमेरा बाहेरून न्याहाळतो. ब्रॉम्डेनला ऐकू येते, बोलता येते, हे प्रेक्षकाला मॅकमर्फीबरोबरच उमगते.

बेसबॉलचा सामना पाहण्यासाठी झालेल्या मतदानाचा प्रसंग या दृष्टीने लक्षणीय आहे. कादंबरीत ब्रॉम्डेनला प्रथम वाटते की, आपला हात मॅकमर्फीनेच अदृश्य तारांनी वर ओढला; लगेच तो स्वतःशी कबूल करतो की, हात आपणच उचलला. बंडाचा खरा क्षण या कबुलीत आहे. चित्रपटात केवळ वर गेलेला हात दिसतो. पुढे बंद पडद्यासमोर काल्पनिक सामन्याचे धावते वर्णन करतो तो मॅकमर्फी. अशा रीतीने वाणी निवेदकाकडून नायकाकडे जाते.

ब्रॉम्डेनचे निवेदन वगळणे कीझी यांना रुचले नाही. चित्रपटाला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली, तरी त्यांच्या आक्षेपातील वाङ्मयीन तथ्य उणावत नाही. अर्थात, निवेदन वगळल्याने चित्रपटाला काही लाभही झाला. बैठकांच्या दृश्यांत रुग्णांचे भेदरलेले चेहरेच बोलू लागतात, आणि रॅचेड ही राक्षसी प्रतिमा न राहता स्वतःच्या सद्हेतूविषयी निःशंक असलेली, म्हणूनच अधिक भयावह अशी व्यक्ती होते.

दोन्हीकडे अखेरीस ब्रॉम्डेन पळून जातो. चित्रपटातील बंड तेथे पूर्ण होते. कादंबरीत मात्र ज्याला मुका ठरवले गेले तोच सारी हकिकत सांगतो, आणि हे सांगणे हीच बंडाची अंतिम कृती ठरते. वेडा ठरवलेल्या माणसाला केवळ स्वातंत्र्य द्यायचे की शब्दही, हा प्रश्न या तुलनेतून उभा राहतो.