तांबे, काच आणि जोडीचा डबा

तांब्याच्या तारेवरील इथरनेट जोडणीची सलग लांबी 100 मीटरपर्यंतच धरली जात असल्याने, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या डाळमिलचे कार्यालय आणि फाटकाजवळचा वजनकाटा यांत तीन-चारशे मीटरचे अंतर पडले, की मधला टप्पा ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचतंतूने, ओलांडावा लागतो आणि विजेचा संकेत प्रकाशात व प्रकाशाचा पुन्हा विजेत बदलणारे मीडिया कन्व्हर्टर दोन्ही टोकांना बसवावे लागतात. बाजारात हे डबे दिसायला सारखेच असतात, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

एकाच तंतूतून ये-जा करणारे कन्व्हर्टर ‘ए’ आणि ‘बी’ अशा जोडीनेच चालतात. एक 1310 नॅनोमीटर तरंगलांबीवर पाठवतो व 1550 वर ऐकतो, तर दुसरा याच्या उलट. प्रस्तुत लेखकाने अशा एका कामासाठी घाईत दोन्ही डबे ‘ए’चेच आणले होते, तांब्याच्या बाजूचा दिवा लागला, फायबरचा लागेना, तेव्हा दोष केबलचा समजून स्प्लायसिंग, म्हणजे तंतूंची टोके वितळवून जोडण्याचे काम, दोनदा करवून घेतले गेले. मजुरी वाया गेली आणि काट्याच्या पावत्या दोन दिवस हाताने लिहाव्या लागल्या.

म्हणून निवड डब्यापासून नव्हे, जमिनीत आधीच पुरलेल्या केबलपासून सुरू करावी. सिंगल मोड प्रकारच्या तंतूचा गाभा सुमारे 9 मायक्रॉनचा, तर मल्टिमोडचा 50 किंवा 62.5 मायक्रॉनचा असतो, आणि डबा त्याला जुळणाराच लागतो. बाहेरच्या केबलचे आवरण बहुधा काळेच असल्याने रंगावर विसंबू नये, त्यावरील छपाई वाचावी. फायबरच्या बाजूला 100 आणि 1000 मेगाबिटचे डबे सहसा एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, त्यामुळे वेग दोन्हीकडे एकच हवा. ‘जास्त ताकदीचा बरा’ हा हिशेबही इथे उलटतो, कारण 80 किलोमीटरसाठीचा प्रकाश चारशे मीटरवर ग्राहकाला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाला, दिपवतो.

खान्देशातील उन्हाळा हा मात्र कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा कडक परीक्षक आहे. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमधील बंद पेटीत त्याहून वर चढतो, आणि साध्या कन्व्हर्टरची मर्यादा बहुधा 40 किंवा 50 अंशांचीच असते. धुळ्याजवळच्या अवधान वसाहतीतील अशा शेडसाठी 75 अंशांपर्यंत टिकणारा औद्योगिक प्रकार महाग असला तरी तोच घ्यावा. डब्याला वीज पुरवणारा सुटा अडॅप्टर अनेकदा मूळ डब्याआधी दगा देतो, तेव्हा तो एक जादा, आणि ‘ए’ व ‘बी’ दोन्हींचा एकेक नग, नावाची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवावा.