रोजनिशी : लोकसेवकाचा आरसा

दिवसभराच्या धावपळीत दिलेला शब्द आठवड्याभरात विस्मृतीत जातो. रोजनिशी तो जतन करते. १९१७ पासून गांधीजींचे सहकारी असलेल्या महादेवभाई देसाई यांच्या गुजराती दैनंदिनीत १९३२ च्या येरवडा कारावासातील दिवसही नोंदलेले आहेत. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत त्यांचे निधन झाले. नोंदी मात्र मागे राहिल्या.

मावळातील परंदवडीसारख्या गावी पंचायत सदस्याने निजण्यापूर्वी पाच ओळी लिहाव्यात : तारीख, पाऊसपाणी, भातलावणीची स्थिती, कोणास कोणते आश्वासन दिले आणि काय राहून गेले. स्वतःची चूकही प्रांजळपणे टिपावी. महिनाअखेरीस मागील पाने वाचावीत. शब्द पाळला गेला की नाही, हे ती पानेच सांगतील.