खापरांचा डबा

चि. ओंकार,


काल तुझ्या आईचा फोन आला. पुढच्या आठवड्यात पुण्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघायला जाणार म्हणालास, ऐकून बरं वाटलं. पुढचं ऐकलं आणि घास उतरेना. इनामगावच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, खापरं उचलून आणलीस आणि डब्यात घालून मित्रांना दाखवतोस म्हणे. खरं का रे हे?

तांबड्या खापरावर काळी रेघ दिसली की हात जातोच, कळतं मला. पण असली, म्हणजे जोर्वे धाटणीची, भांडी इनामगावला घोडनदीकाठी घरोघर होती. तुझ्या डब्यातलं खापर कुठल्या थरातलं, कुणाच्या चुलीजवळचं, आता कोण सांगणार?

म्युझियममध्ये इनामगावच्या वस्तूंपाशी घाई करू नकोस. तान्हं मूल गेलं की तिथली माणसं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्याला घरातच, जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बहुधा पावलं घोट्यापासून तोडत. तीन हजार वर्षांहून जुनी ही रीत आज कळते, कारण मडकी जागच्या जागी मिळाली. डेक्कन कॉलेजचे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत एकेक थर सोलून काढला. मधे तुझ्यासारखा कुणी हौशी येऊन मडकं घेऊन गेला असता तर?

तेव्हा मी कॉलेजात होते. खणकाम बघायला मैत्रिणी निघाल्या होत्या. अण्णा म्हणाले, पोरीच्या जातीला उन्हात माती उकरायला कशाला जायचं? मी पुन्हा विचारलं नाही. अजून सलतं ते. तू आपण होऊन तिथवर गेलास याचं कौतुक वाटतं, म्हणूनच त्या डब्याचा इतका राग येतो.

खापरं परत टेकाडावर ओतू नकोस. टेकाडाच्या कुठल्या अंगाला मिळाली, आठवेल तेवढं लिही आणि डबा म्युझियममधल्या जाणकारांपुढे ठेव. ओरडले तर ऐकून घे. जायच्या आधी म्युझियम कधी उघडं असतं ते फोन करून विचार.

फार बोलले का रे? वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या बाबांच्या कानावर यातलं काही घातलेलं नाही. आणि एकटा जाऊ नकोस, मलाही ने. एसटीचं भाडं माझं. गुडघ्यांमुळे हळू चालते, तेवढं सांभाळून घे.

तुझी,
आत्या