गोंदवून घेणे पाप आहे काय?



काही महिन्यांपूर्वी रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर एक आई सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याचे वडील वारल्याला दोन वर्षे होत आली होती. त्याने उजव्या दंडावर एक क्रूस गोंदवून घेतला आणि खाली पप्पांचे नाव व मृत्यूची तारीख घातली. पुढे एका प्रार्थनासभेत कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगितले की, ही श्वापदाची खूण आहे, लेवीय उघडून वाच. मुलाने वाचले. तेव्हापासून तो मिस्साला येतो, पण शेवटच्या बाकावर बसतो आणि कम्युनियनला उठत नाही. असे पाच महिने झाले होते. आई म्हणाली, "फादर, एवढं मोठं पाप आहे का हो हे? असेल तर तसं सांगा, आम्ही ते काढून टाकू. पण त्याला असं उपाशी ठेवू नका."

हा लेख त्या घरासाठी लिहायला घेतला. पण टॅटूचा प्रश्न आता आपल्या बहुतेक घरांत आला आहे, म्हणून तो सर्वांसाठी देत आहे.

प्रथम ते वचन पाहू. लेवीय १९:२८ मध्ये दोन गोष्टींना मनाई आहे: मृतासाठी आपल्या अंगावर वार करून घेणे आणि अंगावर खुणा गोंदणे. दुसऱ्या भागात जो हिब्रू शब्द आहे, तो संपूर्ण बायबलमध्ये याच एका ठिकाणी येतो. त्यामुळे त्याच्या नेमक्या अर्थाविषयी अभ्यासकांना जपून बोलावे लागते. तथापि वचन तिथे आहे आणि ते नाही असे म्हणून चालणार नाही.

पण त्याचे शेजारी कोण आहेत तेही पाहा. त्याच्या अगदी आधीच्या वचनात कानशिलाजवळचे केस गोल कापू नयेत, दाढीच्या कडा छाटू नयेत, अशी आज्ञा आहे. त्याच अध्यायाच्या १९व्या वचनात दोन प्रकारच्या धाग्यांनी विणलेले कापड अंगावर घालू नये असे सांगितले आहे. (त्या मुलाला लेवीय दाखवणारे बंधू गुळगुळीत दाढी करून आणि टेरिकॉटचा शर्ट घालून आले होते, असे कळते.) आणि याच अध्यायात, १८व्या वचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे, जी आपल्या प्रभूने सर्व नियमशास्त्राचा गाभा म्हणून उचलली. मग यातले काय आपल्यावर बंधनकारक आहे आणि काय नाही?

हा प्रश्न पवित्र सभेपुढे पहिल्या पिढीतच आला. यरुशलेम येथील सभेत (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५) प्रेषितांनी ठरवले की, परराष्ट्रीयांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांवर मोशेच्या नियमांचे संपूर्ण ओझे लादायचे नाही. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी जुन्या करारातील नियमांचे तीन भाग समजावून सांगितले: नीतिविषयक, विधिविषयक आणि न्यायव्यवस्थेविषयीचे. नीतीचे नियम, म्हणजे दहा आज्ञांचे सार, कायम आहेत. इतर दोन प्रकारांचे काम ख्रिस्ताच्या येण्याने पूर्ण झाले. दाढीचा व कापडाचा नियम जसा आपल्याला बांधत नाही, तसाच गोंदण्याचा नियमही नियम म्हणून बांधत नाही.

"नियम म्हणून" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. कारण प्रत्येक नियम कशाचे तरी रक्षण करत असतो. इस्राएलच्या आसपासचे लोक शोकात आणि पूजेत अंग कापून रक्त काढत असत. कर्मेल डोंगरावर बआलचे पुजारी सुऱ्यांनी स्वतःला घायाळ करतात, तो प्रसंग (१ राजे १८:२८) सर्वांना माहीत आहे. शिवाय त्या काळी गुलामांच्या अंगावर धन्याची खूण असे. देवाने मिसरच्या गुलामगिरीतून सोडवलेल्या लोकांनी दुसऱ्या कुणाच्या मालकीची खूण अंगावर वागवू नये आणि रक्त सांडून मृतांची मर्जी राखू नये, हा त्या नियमामागचा विचार दिसतो. तो विचार पहिल्या आज्ञेत आजही जिवंत आहे. म्हणून सैतानाची चिन्हे, जादूटोण्याच्या आकृती, नजर लागू नये म्हणून काढलेली चित्रे अंगावर घेणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. क्रूससुद्धा कुणी ताईत म्हणून गोंदवत असेल तर तो चुकतो आहे.

श्वापदाच्या खुणेविषयी थोडक्यात. प्रकटीकरण १३:१६ मध्ये ती खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे, हे खरे. पण लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी कोकऱ्याच्या अनुयायांच्याही कपाळावर नाव लिहिलेले आहे! दोन्हीकडे खूण आहे. तिथे प्रश्न शाईचा नाही, आराधना कुणाची हा आहे. उलट बाजूनेही ओढाताण नको. आपल्या अंगावर येशूच्या खुणा आहेत असे संत पौल गलतीकरांस लिहितात (६:१७), तेव्हा ते फटक्यांचे आणि दगडांचे व्रण सांगत आहेत. टॅटूच्या दुकानाला त्यांचा दाखला देता येणार नाही.

आता इतिहासाकडे वळू, कारण ही बाजू आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. रोमन छळाच्या काळात खाणीत धाडलेल्या ख्रिस्ती लोकांच्या कपाळावर शिक्षेची खूण गोंदली जाई. सम्राट कॉन्स्टंटाइनने गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर अशी खूण करण्यास बंदी घातली. चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेवर घडलेला आहे, असे कारण त्या कायद्यात दिले आहे. पण छळणाऱ्यांची हीच रीत पुढे श्रद्धावंतांनी आपली करून घेतली. मिसर देशातील कॉप्टिक ख्रिस्ती लोक पिढ्यान् पिढ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदवत आले आहेत. ज्या देशात ख्रिस्ती म्हणून ओळख सांगणे नेहमीच सोपे नव्हते, तिथे ही न लपवता येणारी खूण आईबाप आपल्या लेकरांच्या मनगटावर काढून घेतात. २०१५ साली लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर श्रद्धेसाठी ज्या २१ कामगारांना ठार मारण्यात आले, त्यांतील २० जण याच समाजाचे होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ साली त्या सर्वांची नावे रोमन हुतात्मा-सूचीत घातली.

यरुशलेमला जाणारे यात्रेकरू यात्रेची आठवण म्हणून क्रूस गोंदवून घेत. लाकडी ठशांवरून नक्षी उमटवून मग सुईने गोंदण्याची ती कला तिथे अजून चालू आहे. इंग्लंडचा युवराज, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, त्यानेही १८६२ साली तिथे हातावर क्रूस काढून घेतला. इटलीत लोरेटो येथील पवित्र मरियेच्या तीर्थालाही अशीच प्रथा होती.

मला सर्वांत जवळची वाटते ती बोस्नियातील कॅथलिक स्त्रियांची गोष्ट. तुर्कांच्या राजवटीत तिथल्या माता मुलींच्या हातांवर क्रूस गोंदत. मुलगी पळवून नेली तरी तिची ओळख पुसली जाऊ नये म्हणून, असे तिथली परंपरा सांगते. संत योसेफच्या सणाच्या सुमारास हे काम होई. काजळी, मध आणि दूध कालवून रंग बनवत. आपल्याकडच्या गोंदणारणीला हे ऐकून मुळीच नवल वाटले नसते. अहिल्यानगर आणि जालना भागातील आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांत हिरव्या गोंदणाच्या आज्या अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांनी गोंदणासकट क्रूसाची खूण केली, गोंदणाच्याच हातांनी जपमाळ ओढली. त्यांचे ते हात कम्युनियनपासून कुणी दूर ठेवले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगतो. चौदाव्या शतकातील डोमिनिकन धर्मगुरू धन्य हेन्री सुसो यांनी तरुणपणी प्रेमाच्या भरात लोखंडी लेखणीने आपल्या छातीवर येशूचे नाव कोरून घेतले. रक्त वाहिले, व्रण जन्मभर राहिला. पण त्यांच्या मार्गदर्शनाखालील एक भगिनी त्यांच्या कठोर तपांचे अनुकरण करू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवले. तिने मग तेच नाव तांबड्या रेशमाने पांढऱ्या कापडावर भरले. सुसोंनी ती कापडे आपल्या छातीला लावून आपल्या आध्यात्मिक लेकरांना पाठवली.

कॅथलिक श्रद्धाग्रंथात गोंदण्याविषयी एकही परिच्छेद नाही. शरीर देवाच्या प्रतिमेच्या प्रतिष्ठेत सहभागी आहे, आरोग्य ही देणगी आहे, आणि शरीराचीच पूजा मांडू नये, एवढे तो सांगतो. त्यावरून आपण विवेकाने ठरवायचे. अश्लील किंवा द्वेषाचे चित्र नको. आईबापांच्या घरात राहून, त्यांच्या पैशांनी, त्यांच्यापासून लपवून नको. सुई नवी आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. जुन्या सुईतून कावीळ ब आणि क तसेच एचआयव्ही पसरू शकतो. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हे रक्तदान शिबिराला नियमित येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांनी भरतीचे नियम आधी वाचावेत. मैत्रिणीचे नाव गोंदवणाऱ्यांना मी काय सांगू? लेझरच्या दवाखान्यातील रांग पाहून यावी.

पोप फ्रान्सिस यांना मार्च २०१८ मध्ये, तरुणांच्या सभेत, युक्रेनमधील एका गुरुविद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारला होता. टॅटूला घाबरू नका, असे पोप म्हणाले. कपाळावर क्रूस गोंदवणाऱ्या एरिट्रियाच्या ख्रिस्ती लोकांचा दाखला त्यांनी दिला. अतिरेक होतो हे त्यांनी मान्य केले. पण टॅटू माणूस कुणाचा आहे हे सांगतो, म्हणून त्या तरुणाला विचारा, त्याच्याशी बोलणे सुरू करा, असा त्यांचा सल्ला होता.

मी तेच केले. मुलगा भेटायला आला. पुढील गोष्ट त्याच्या परवानगीने लिहीत आहे. हे कुमसारातील बोलणे नव्हे. टॅटू का काढलास, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. वडील अतिदक्षता विभागात होते त्या रात्री तो कामावर होता. घरून आलेला फोन त्याने उचलला नाही, कारण साहेब समोर होते. तो म्हणाला, "फादर, सुई टोचत होती तेव्हा बरं वाटत होतं."

त्या क्षणी मला लेवीयमधले ते वचन नव्याने कळले. मृतासाठी अंगावर वार करून घेऊ नका. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही हेच वाटत असणार: आपले काहीतरी देणे राहून गेले आहे, ते रक्ताने फेडावे. आणि देव त्याला सांगतो, नको. प्रार्थनासभेतील बंधूने वचन बरोबर काढले होते, पण त्यातून मुलाला शिक्षा वाचून दाखवली. तिथे माझ्या मते सुटका लिहिली होती.

मी त्याला सांगितले की, हा टॅटू पाप नाही, तो काढून टाकण्याची गरज नाही, आणि येत्या रविवारी कम्युनियनला ये. पण त्या रात्रीचे देणे सुईने फिटणार नाही. पप्पांसाठी मिस्सा अर्पण करता येते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठ दिवसांत कबरस्तानात जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तर पवित्र सभा त्यांच्यासाठी पूर्ण दंडमोचनही देते. अटी मात्र आहेत: कुमसार, कम्युनियन, पोप महाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाच्या आसक्तीपासून मोकळे मन. मग त्याला मी स्नानसंस्काराची आठवण दिली. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर अमिट ठसा उमटवतात. संत ऑगस्टिन यांनी हे समजावताना सैनिकाच्या अंगावरील खुणेची उपमा घेतली होती: सैनिक पळून गेला तरी खूण जात नाही, आणि परत आला तर ती पुन्हा करावी लागत नाही. "तुझ्यावर आणि तुझ्या पप्पांवर एकच खूण आहे," मी म्हणालो, "आणि ती तू काढलेली नाहीस."

दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला तो आईबरोबर पुढच्या बाकावर होता. त्याच्या धाकट्या बहिणीलाही आता तसाच क्रूस हवा आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत विषय काढायचा नाही, असे आईने तिला बजावले आहे, आणि त्या बाबतीत मी आईच्या बाजूचा आहे.