अनोळखी धावपट्टी

आमच्या गावावरून रोज संध्याकाळी एक विमान जाते. ते कोठून येते आणि कोठे जाते, हे गावात कोणालाच ठाऊक नाही. मी अजून विमानात बसलेलो नाही. आमच्या घरातले कोणीच बसलेले नाही. तरीही कला शाखेच्या द्वितीय वर्षातील मी विद्यार्थी या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगेन.

प्रश्न साधा आहे. विमान आकाशात असताना काही बिघडले, एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला किंवा ठरलेला विमानतळ धुक्याने बंद झाला, तर वैमानिकाला दुसरीकडे उतरावे लागते. ती जागा त्याने पूर्वी कधीच पाहिलेली नसेल, तर तो तेथे कसा उतरतो?

या तयारीची सुरुवात जमिनीवरच होते. प्रथम इंधनाचे पाहू. मुक्कामापर्यंत पुरेल एवढेच इंधन भरून विमान निघत नाही. वारा उलटला वा वळसा पडला तर लागणारे जादा इंधन, मुक्कामाच्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन, आणि त्यावर जेट विमानासाठी ३० मिनिटांचा अखेरचा राखीव साठा, असा हिशेब असतो. पर्यायी विमानतळाचे नाव उड्डाणाच्या योजनेत आधीच लिहिलेले असते. निघण्यापूर्वी वैमानिक तेथले हवामान आणि धावपट्टीविषयीच्या सूचनाही वाचतो.

समुद्रावरून जाताना अधिक काळजी घ्यावी लागते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडले तरी ठराविक वेळात विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ पासून योग्य त्या विमानांना १२० मिनिटांची व पुढे त्याहूनही अधिक परवानगी मिळू लागली. वाटेत असा एक बिंदू काढलेला असतो की, तेथून मागचा आणि पुढचा विमानतळ सारख्याच वेळेच्या अंतरावर असतो. त्यामुळे या क्षणी कोठे वळायचे, याचे उत्तर वैमानिकाजवळ नेहमी तयार असते.

दुसरी गोष्ट नकाशांची. प्रत्येक विमानतळाचे उतरण्याचे नकाशे ठरलेल्या पद्धतीने काढलेले असतात. धावपट्टीची लांबी, भोवतालचे डोंगर, रेडिओच्या लहरी आणि उतरणे फसले तर पुन्हा वर कसे जायचे, हे सर्व त्यात असते. धावपट्टीचे नावही मोठे अर्थपूर्ण असते. चुंबकीय दिशेच्या अंशांना दहाने भागून तो आकडा देतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ तर दुसऱ्याला २७ म्हणतात, म्हणजे ती पूर्व-पश्चिम आहे. जगात कोठेही गेले तरी ही लिपी एकच. त्यामुळे गाव अनोळखी असले तरी वैमानिकाला त्याची अक्षरे वाचता येतात.

तिसरी गोष्ट सरावाची. जमिनीवरच्या कृत्रिम विमानकक्षात वैमानिकांची वर्षातून दोनदा परीक्षा होते. तेथे इंजिन बंद पाडतात, धूर दाखवतात, आणि वैमानिकाने न घाबरता क्रमाने काम करावे लागते. आधी विमान सांभाळायचे, मग दिशा ठरवायची आणि मग बोलायचे, असा तो क्रम.

आता प्रत्यक्ष घडलेली उदाहरणे घेऊ. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन सुमारे ४१ हजार फूट उंचीवर संपले. पौंड आणि किलोग्रॅम यांच्या हिशेबात घोटाळा झाल्याने इंधन कमी भरले गेले होते. विनिपेग गाठता येणार नाही, हे वैमानिकांनी गणित करून ओळखले. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी पूर्वी वायुदलात असताना गिमली येथील तळावर काम केले होते. तो बंद पडलेला तळ त्यांना आठवला. कप्तान बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडविण्याचा सराव होता. त्या दिवशी त्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीसाठी माणसे जमली होती, तरीही विमान उतरले आणि सर्वजण वाचले.

२४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबसमधून अटलांटिकवर इंधन गळू लागले. कप्तान रॉबर्ट पिशे यांनी दोन्ही इंजिने चालू असतानाच अझोरेस बेटांवरील लाजेस विमानतळाकडे मोहरा वळविला. पुढे दोन्ही इंजिने बंद पडली. विमान सुमारे १९ मिनिटे नुसते तरंगत जाऊन लाजेसला उतरले. विमानातील ३०६ जण वाचले. वळण्याचा निर्णय आधी घेतला होता, म्हणूनच लाजेस आवाक्यात राहिले.

तिसरे उदाहरण दुःखद आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेल्या आव्हियांकाच्या विमानाला खराब हवामानामुळे एक तासाहून अधिक काळ घिरट्या घालाव्या लागल्या. त्याचा पर्यायी विमानतळ बॉस्टन; पण तेथवर जाण्याचे इंधनही संपत गेले. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. आणीबाणी असल्याचे सांग, असे कप्तानाने सहवैमानिकाला बजावले होते. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचे कळविले, पण ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नाही. नियंत्रण कक्षाला प्रसंगाचे गांभीर्य कळले नाही. विमान कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले.

संकटाच्या वेळी ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारतात. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो आला आहे. तो ऐकताच इतरांना बाजूला ठेवून त्या विमानाला वाट दिली जाते. मात्र तो स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागतो.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. प्रथम वर्षी माझा इंग्रजीचा पेपर राहिला. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे ते सांगण्याची लाज वाटली. सरांना विचारले नाही, मित्रांनाही बोललो नाही. चार महिने ‘बरे चालले आहे’ एवढेच घरी सांगत राहिलो. पुनर्परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री वडिलांना सांगितले. ते रागावले नाहीत. शेजारून पैसे उसने आणून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “आधी बोलला असतास, तर शेळी विकून सोय केली असती रे. रात्री लोकांचं दार वाजवायला लावलंस.”

पेपर पुढे सुटला. पण वडिलांना त्या रात्री चार घरे फिरावी लागली, हे मी विसरलेलो नाही. यंदा कॉलेजात नव्याने आलेल्या, माझ्यासारख्याच घरांतल्या मित्रांना एवढेच सांगायचे आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहिला. हे ठिकाण आपल्याला अनोळखी आहे. येथला नकाशा ग्रंथालयात मिळतो, सरांकडे मिळतो, वरच्या वर्गातल्या मुलांकडे मिळतो. तो मागून घ्यावा. आणि काही अडले, तर इंधन शिल्लक आहे तोवर स्पष्ट शब्दांत सांगावे.