प्लाझ्मा उपचार : किती खरा, किती उपयोगी?

मागच्या आठवड्यात अंबड तालुक्यातले एक शेतकरी रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले होते. तपासून झाले तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? एकवीस साली अण्णांना प्लाझ्मा वेळेवर मिळाला असता तर ते वाचले असते का हो?"

एप्रिल २०२१ मध्ये हे गृहस्थ प्लाझ्माची पिशवी शोधत दोन दिवस औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते. पिशवी मिळाली, पण ती घेऊन पोचेपर्यंत वडील गेले होते. 'आपण उशीर केला' हा सल त्यांच्या मनात अजून आहे. असा सल आपल्या जिल्ह्यात आणखी किती घरांत असेल! म्हणून आज हा विषय.

प्लाझ्मा म्हणजे काय?

रक्तातून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट काढून घेतल्या की जो पिवळसर द्रव उरतो, तो प्लाझ्मा. आजारातून बरा झालेल्या माणसाच्या प्लाझ्मामध्ये त्या जंतूशी लढणारी प्रतिपिंडे असतात. ती उसनी घेऊन आजाऱ्याला द्यायची, अशी ही साधी कल्पना आहे. ती नवी नाही. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी धनुर्वात व घटसर्पावर अशा रक्तद्रवाचा उपयोग दाखवला. पुढे १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले. पिसाळलेले कुत्रे खोलवर चावले तर जखमेत जे इम्युनोग्लोब्युलिन टोचतात, तेही याच जातीचे औषध.

कोरोनात काय दिसले?

महाराष्ट्राने २९ जून २०२० रोजी 'प्रोजेक्ट प्लाटिना' सुरू केला. लोकांच्या आशा वाढल्या. त्याच सुमारास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर 'प्लॅसिड' ही चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर प्लाझ्मा दिला, निम्म्यांना दिला नाही. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे, याचे प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के निघाले. म्हणजे फरक नाहीच. इंग्लंडमध्ये साडेअकरा हजारांवर रुग्णांची चाचणी झाली. तेथे दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्केच. अखेर १७ मे २०२१ रोजी आपल्याकडच्या उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

असे का झाले?

पहिले कारण वेळेचे. प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवतात. रुग्ण धाप लागून दवाखान्यात पोचतो तेव्हा बहुधा आठवडा उलटलेला असतो. तोवर त्याच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडे तयार केलेली असतात. प्लॅसिडमध्ये तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के जणांत ती सुरुवातीलाच होती. यावेळी फुप्फुसाचे नुकसान मुख्यतः दाहामुळे होत असते. भरल्या विहिरीत घागरभर पाणी ओतून काय उपयोग?

दुसरे कारण, सर्वांचा प्लाझ्मा सारखा नसतो. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर, तर काहींच्या अगदी बेताची.

तिसरे कारण विषाणूच्या रूपबदलाचे. आपल्याकडे सापावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. चापड्याच्या विषावर तिचा उपयोग होत नाही. प्रतिपिंडांचेही तसेच आहे. पहिल्या लाटेत बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा डेल्टावर कमी पडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला, त्याच्यापुढे तर प्रयोगशाळेत तो बहुतांशी निष्प्रभ ठरला. उलट, लस घेऊन नंतर आजारी पडलेल्यांच्या प्लाझ्मात प्रतिपिंडे इतकी होती, की त्याने ओमिक्रॉनलाही अडवले. म्हणून प्लाझ्मा कोणाचा आणि केव्हाचा, हे महत्त्वाचे.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका रुग्णात आणखी एक गोष्ट दिसली. प्रतिकारशक्ती खचलेल्या या रुग्णाच्या अंगात विषाणू शंभर दिवस टिकला. प्लाझ्मा दिल्यावर प्रतिपिंडांना चुकवणारे विषाणूचे बदललेले रूप वाढू लागले. अपुरे औषध विषाणूला पळवाट शिकवू शकते, ते असे.

मग उपयोग कोणालाच नाही?

तसेही नाही. अर्जेंटिनात वृद्धांना लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत भरपूर प्रतिपिंडे असलेला प्लाझ्मा दिला. गंभीर श्वसनविकाराचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. बेल्जियममध्ये व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना लवकर असा प्लाझ्मा दिल्यावर मृत्यू ४५ वरून सुमारे ३५ टक्क्यांवर आले. रक्ताचा कर्करोग किंवा अवयवरोपण यांमुळे ज्यांचे शरीर स्वतः प्रतिपिंडे करू शकत नाही, त्यांनाही तज्ज्ञ विचारपूर्वक तो देतात.

त्या प्रश्नाचे उत्तर

मी त्या शेतकऱ्याला सांगितले, "तुमच्या उशिरामुळे वडील गेले नाहीत. त्या अवस्थेत पिशवी दोन दिवस आधी मिळाली असती तरी फरक पडला असता, असे चाचण्या सांगत नाहीत." ते बराच वेळ गप्प बसले. मग डोळे पुसून उठले.

एक कबुलीही देतो. त्या दिवसांत नातेवाईक विचारत, तेव्हा "मिळाला तर बघा" असे मीही म्हणत असे. प्लॅसिडचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता. हात हलवत परत पाठवणे जिवावर येई, म्हणून मी लोकांना पळायला लावले. ते चुकलेच.

वाचकांनी लक्षात ठेवावे :

१. नवी साथ आली की नव्या उपचाराचे नाव कानावर येतेच. डॉक्टरांना विचारा, "याची चाचणी झाली आहे का? माझ्या रुग्णाच्या या टप्प्यावर उपयोग आहे का?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

२. महाग तेच गुणकारी, हा समज सोडा. इंग्लंडच्या त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवले. मात्र ते मनाने कधीही घेऊ नये.

३. ताप-खोकल्यात धाप लागली, तर बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन मोजून घ्या. ९४ च्या खाली गेला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

४. रक्तदान मात्र जरूर करा. अपघातात, बाळंतपणात रक्त आणि प्लाझ्मा आजही जीव वाचवतात.